शहर ‘साफ’ करण्याची शंभर वर्षं

प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७ सालचं पुणं आठवतं. रँड, घरांच्या झडत्या, चापेकर बंधू. मुंबईत प्लेग आदल्याच वर्षी आला होता आणि जाताना एक सरकारी संस्था मागे ठेवून गेला : १८९८ ची ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती ठेवायची, हे तिचं काम. मुंबईतल्या बी.आय.टी. चाळी ही तिचीच खूण.

१९२४ मध्ये प्लेग पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियातल्या लागोस बंदरात पोचला. तिथेही राज्य इंग्रजांचंच होतं आणि उपायही त्याच धर्तीचा निघाला. १९२८ मध्ये ‘लागोस एक्झिक्युटिव्ह डेव्हलपमेंट बोर्ड’ स्थापन झालं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तोवर माहीत झालेलं होतं, पण कारवाईचा रोख राहिला तो दाट वस्त्यांवर. साथ गेली, बोर्ड राहिलं. आणि गरिबांची वस्ती हाच शहराचा आजार आहे, ही समजूतही राहिली. लागोसचा पुढचा इतिहास या समजुतीशी बांधलेला आहे.

आधी हे शहर एवढं वाढलं कसं ते पाहू. लागोस मुळात एक बेट. योरुबा लोक त्याला ‘एको’ म्हणतात. १८६१ मध्ये ते इंग्रजांनी ताब्यात घेतलं. १८९६ मध्ये इथून आत रेल्वे टाकायला सुरुवात झाली आणि १९१२ पर्यंत ती थेट उत्तरेतल्या कानो शहरापर्यंत गेली. शेंगदाणा, कोको, पामतेल, सगळं याच बंदरातून बाहेर जाऊ लागलं. १९५६ मध्ये नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात खनिज तेल सापडलं. १९७३ नंतर तेलाचे भाव कडाडले, तसा पैसा राजधानीत, म्हणजे लागोसमध्ये, ओतला जाऊ लागला. शेती मागे पडली आणि गावाकडची तरुण मुलं शहराच्या वाटेला लागली. १९९१ मध्ये राजधानी अबुजाला हलवली, तरी लोंढा थांबला नाही.

१९५० च्या सुमारास लागोसची वस्ती तीन लाखांच्या आसपास होती. आज किती? २००६ च्या राष्ट्रीय जनगणनेत लागोस राज्याची लोकसंख्या सुमारे ९० लाख भरली. राज्य सरकारने स्वतः मोजली, तर ती पावणेदोन कोटी निघाली! एकाच वर्षी, एकाच जागी, जवळपास दुपटीचा फरक. ज्या शहराला आपली माणसंच नीट मोजता येत नाहीत, ते नळ, शाळा आणि गटारं कोणासाठी आखणार?

या शहराने ‘साफसफाई’ पुन्हा पुन्हा केली. त्यातले तीन प्रसंग पाहू.

पहिला १९५५ चा. स्वातंत्र्य जवळ आलं होतं, नव्या देशाची राजधानी देखणी दिसायला हवी होती. बोर्डाने बेटाच्या मध्यभागातली सुमारे ७० एकर वस्ती मोकळी करायला घेतली. लोकांना काही मैलांवर, मुख्य भूमीवरच्या सुरुलेरेमध्ये पक्की घरं दिली. या नावाचा अर्थ ‘सबुरीला फळ असतं’. पीटर मॅरिस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने या कुटुंबांचा अभ्यास करून १९६१ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात दिसलं ते असं : नवी घरं जास्त मोकळी होती, पण बायकांचा व्यापार बसला. बेटावर उंबऱ्याबाहेर पडलं की गिऱ्हाईक होतं. सुरुलेरेत गिऱ्हाईक नव्हतं आणि बेटावर जायचं तर बसचं भाडं. नातेवाइकांचं येणं-जाणं कमी झालं. योरुबा लोकांत ‘अजो’ किंवा ‘एसुसु’ नावाची पद्धत आहे, आपल्या भिशीसारखीच. असे व्यवहार चालतात ते रोज भेटणाऱ्या माणसांच्या भरवशावर. घर दुसरीकडे बांधून देता येतं, हा भरवसा ट्रकमध्ये घालून नेता येत नाही.

दुसरा प्रसंग मारोकोचा. श्रीमंतांच्या व्हिक्टोरिया आयलंडला लागून असलेली ही वस्ती. १४ जुलै १९९० रोजी लष्करी राजवटीने तिच्यावर बुलडोझर घातले. सुमारे तीन लाख माणसं बेघर झाली. नोटीस मिळाली होती अवघ्या काही दिवसांची. जागा सखल आहे, पाण्याखाली जाईल, असं कारण दिलं गेलं. काही वर्षांतच त्याच सखल जागेवर महागडे बंगले उभे राहिले. पुढे जवळच समुद्रात भराव घालून ‘एको अटलांटिक’ हे जवळपास १० चौरस किलोमीटरचं नवं शहर उभारायला घेतलं. पाण्याची भीती माणूस बघून वाटते की काय, असा प्रश्न पडतो.

तिसरा प्रसंग अगदी अलीकडचा. नोव्हेंबर २०१६ ते एप्रिल २०१७ या काळात ओटोडो ग्बामे ही लगूनकाठची मच्छीमार वस्ती पाडली गेली. सुमारे ३० हजार लोकांची घरं गेली, तीही न्यायालयाचा मनाई हुकूम असताना. जून २०१७ मध्ये न्यायालयाने ही कारवाई घटनाबाह्य ठरवली. तोवर तिथे वाळूच उरली होती.

दरवेळी घरं पडली, पण माणसं शहर सोडून गेली नाहीत. थोडी पुढे सरकली आणि पुन्हा दाटीने राहू लागली. कारण त्यांची कामं शहरातच होती, आणि शहराचीही कामं त्यांच्यावाचून अडत होती. पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या माकोको वस्तीतले लोक मासे पकडतात, बायका ते धुरी देऊन विकतात. पिवळ्या ‘डान्फो’ मिनीबस नसत्या तर अर्धं लागोस कामावर पोचलं नसतं. आज जगभर बघितलं जाणारं नॉलिवूड कुठल्या सरकारी योजनेतून आलेलं नाही. १९९२ मध्ये ‘लिव्हिंग इन बॉन्डेज’ हा सिनेमा थेट व्हिडिओ कॅसेटवर आला आणि गाजला. त्याचा निर्माता इलेक्ट्रॉनिक्सचा व्यापारी होता. त्या धंद्याचं एक मोठं केंद्र होता लागोस बेटावरचा गजबजलेला इडुमोटा बाजार. ज्या दाटीला सरकार आजार म्हणत होतं, तिच्यातच हा उद्योग वाढला.

याचा अर्थ झोपडपट्टी छान असते असा नाही. गटाराचं पाणी घरात शिरतं तेव्हा कोणालाही ते छान वाटत नाही. वेगाने वाढणाऱ्या शहराला नळ, रस्ते, गाड्या लागतातच. लतीफ जकांडे या निवडून आलेल्या गव्हर्नरने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वस्त घरांच्या वसाहती बांधल्या आणि मेट्रोचं कामही सुरू केलं. १९८५ मध्ये लष्करी सरकारने ती मेट्रो रद्द केली. लागोसच्या पहिल्या मेट्रोमार्गावर प्रवासी गाडी धावली ती २०२३ मध्ये. मधल्या ३८ वर्षांत एका पिढीचं आयुष्य वाहतूक कोंडीत गेलं.

वेगळी वाटही याच शहराने चालून पाहिली आहे. २००८ मध्ये जलद बससेवा सुरू करताना सरकारने डान्फोवाल्यांना हाकललं नाही. त्यांच्याच संघटनेच्या सहकारी संस्थेकडे बस चालवायला दिल्या. ही व्यवस्था कायम टिकली नाही. पण बससेवा उभी राहिली, आणि विरोध करू शकणारे लोक तिच्यात भागीदार झाले.

या शतकाच्या अखेरीस लागोस जगातलं सर्वांत मोठं शहर असेल, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे. तो खरा ठरो न ठरो, येणारी माणसं येतच राहणार. मुंबईत राहणाऱ्या किंवा मुंबईला पोचलेल्या आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही ‘अतिक्रमण हटवलं’ अशी बातमी मोबाइलवर येते आणि आपण ती अंगठ्याने वर सरकवतो. पुढच्या वेळी क्षणभर थांबून एवढंच विचारू या : ती माणसं उद्या सकाळी कामाला कुठून येणार?