धर्मसुधारणा आणि शेतकऱ्यांची बारा कलमे : मेमिंगेन, १५२५

१/ मार्च १५२५. दक्षिण जर्मनीतील मेमिंगेन शहरात, किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघाच्या सभागृहात, शेतकऱ्यांचे सुमारे ५० प्रतिनिधी जमले. त्याच दिवसांत तेथे त्यांच्या मागण्यांचा एक छोटा जाहीरनामा तयार झाला. अवघ्या दोन महिन्यांत त्याच्या सुमारे २५ हजार प्रती छापल्या गेल्या. इतिहासात तो ‘बारा कलमे’ या नावाने ओळखला जातो.

२/ या जाहीरनाम्यातील पहिली मागणी पाद्री निवडण्याच्या हक्काची आहे. तिसरी भूदास्य रद्द करण्याची, चौथी शिकारीची व मासेमारीची, पाचवी सरपणाची. धर्मोपदेशक, मासे आणि लाकूडफाटा एकाच कागदावर कसे आले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ल्यूथरच्याही मागे जावे लागते.

३/ त्या काळचे चर्च हे केवळ प्रार्थनेचे स्थान नव्हते. बिशप आणि मठाधिपती हे स्वतःच मोठे जमीनदार होते. शेतकरी पिकाचा दशमांश चर्चला देई : धान्यावरचा मोठा, आणि भाजीपाला, फळे, जनावरे यांवरचा लहान. हा दशमांश अनेकदा गावच्या पाद्र्यापर्यंत पोहोचतही नसे. तो वसूल करण्याचा हक्क दूरच्या मठाकडे किंवा एखाद्या सरदाराकडे गेलेला असे.

४/ भूदासाला धन्याच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कुळात लग्न करता येत नसे. तो मरण पावला की घरातील उत्तम जनावर किंवा उत्तम वस्त्र धनी उचलून नेई. वेठ होतीच. केम्प्टेनच्या मठाधिपतींनी तर स्वतंत्र कुळांनाही हळूहळू भूदास्यात ढकलले. जो हात वेदीवर आशीर्वाद देई, तोच गोठ्यातील गाय सोडून नेई.

५/ याविरुद्ध शेतकऱ्याचे नेहमीचे शस्त्र म्हणजे ‘जुना रिवाज’. आजोबांच्या काळी या ओढ्यात मासे धरता येत होते, या रानातून सरपण आणता येत होते, हे गायरान गावाचे होते. मग आता बंदी का? हा युक्तिवाद बळकट होता, पण त्याला मर्यादा होती. रिवाज गावागणिक बदलतो. त्यामुळे प्रत्येक गाव आपल्या धन्याशी एकटेच भांडत राहिले.

६/ रिवाजापलीकडचा आधार शोधण्याचे प्रयत्नही झाले. १४७६ मध्ये निक्लासहाउझेन येथे हान्स ब्यॉम नावाचा मेंढपाळ आणि ढोलकवादक पुढे आला. मेरीमातेने आपल्याला दर्शन दिले, असे तो सांगे. रान आणि पाणी सर्वांचे असावे, राजेसरदारांनीही रोजंदारीने राबावे, असा त्याचा उपदेश होता. हजारो यात्रेकरू लोटले. व्युर्त्सबुर्गच्या बिशपने त्याला पकडून त्याच वर्षी जिवंत जाळले.

७/ १५०२ मध्ये श्पायरच्या बिशपच्या मुलखात योस फ्रिट्झ या भूदासाने गुप्त कट उभारला. बंदांनी बांधायचा शेतकऱ्याचा जोडा, म्हणजे ‘बुंडशू’, हे त्याच्या निशाणावरील चिन्ह. ईश्वराचा न्याय हवा, ही त्याची घोषणा. कट फुटला. फ्रिट्झ निसटला आणि १५१३ मध्ये पुन्हा उभा राहिला. तेव्हाही फितुरीने घात केला.

८/ १५१४ मध्ये व्युर्टेमबर्गच्या ड्यूक उलरिखने महसुलासाठी बाजारातील वजनेच घटवली. तेव्हा पेटर गाइस या शेतकऱ्याने ती नवी वजने रेम्स नदीत टाकून ‘जलदिव्य’ केले, असे सांगतात : वजन तरंगले तर ड्यूक खरा, बुडाले तर शेतकरी खरे. वजने अर्थातच बुडाली. ‘गरीब कोनराड’ या नावाने ओळखला जाणारा हा उठावही चिरडला गेला.

९/ चर्चविषयीचा असंतोष वरच्या वर्गातही मुरलेला होता. चर्चच्या संपत्तीवर आणि अधिकारावर टीका करणारा बोहेमियाचा यान हुस १४१५ मध्ये कॉन्स्टान्स येथे जाळला गेला. जर्मन संस्थानिक रोमच्या वसुलीविरुद्ध तक्रारींच्या याद्या करीत होते. १५२१ च्या वोर्म्स येथील राजसभेत अशा १०२ तक्रारी नोंदवल्या गेल्या. तरी सरदाराचे गाऱ्हाणे आणि त्याच्या कुळाचे गाऱ्हाणे यांची गाठ पडत नव्हती. सरदाराला रोमकडे जाणारा पैसा सलत होता; कुळाला सरदाराकडे जाणारा.

१०/ या पार्श्वभूमीवर ल्यूथर आला. १५१७ मध्ये त्याने पापक्षमापत्रांच्या विक्रीला आव्हान दिले. १५२० मध्ये त्याने मांडले की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण आध्यात्मिक दृष्ट्या याजकच आहे आणि पोपचा शब्दही पवित्र शास्त्रावर पारखला पाहिजे. १५२३ मध्ये तो आणखी पुढे गेला : उपदेश पारखण्याचा आणि उपदेशक नेमण्याचा व काढण्याचा अधिकार ख्रिस्ती मंडळीलाच आहे.

११/ ल्यूथरच्या दृष्टीने हा आत्म्याच्या मुक्तीचा विषय होता. पण गावात बसून ऐकणाऱ्याला त्यात आणखी काही ऐकू आले. पोपच्या आज्ञेला शास्त्राचा आधार लागत असेल, तर मठाधिपतीच्या वेठीला तो का लागू नये?

१२/ हा बदल कागदपत्रांतही दिसतो. १५२४ च्या उन्हाळ्यात श्टुलिंगेन येथे उठाव सुरू झाला. ऐन सुगीत सरदारपत्नीने सूत गुंडाळण्यासाठी गोगलगाईंचे शंख वेचायला लावले, अशी कथा त्या काळच्या बखरीत आली आहे. श्टुलिंगेनकरांच्या तक्रारीत ६२ कलमे होती. जुना रिवाज आणि कायदा यांवरच तिचा मुख्य भर होता. शुभवर्तमानाला तिच्यात फारसे स्थान नव्हते. काही महिन्यांतच मेमिंगेनमध्ये भाषा पालटली.

१३/ बाल्ट्रिंगेन येथील शेतकऱ्यांचा पुढारी उलरिख श्मिड हा लोहार. दैवी न्यायाची भाषा जाणणारा माणूस शोधत तो मेमिंगेनला आला. तेथे त्याला झेबास्टियान लोट्झर हा कातडी वस्त्रे शिवणारा कारागीर भेटला. शास्त्र वाचून त्याने स्वतः पत्रके लिहिली होती. सेंट मार्टिन चर्चचा उपदेशक क्रिस्टोफ शापेलर हा झ्विंग्लीच्या सुधारणावादी वर्तुळातला. कलमांचा मसुदा या दोघांचा मानला जातो. त्याच्या समासात शास्त्रवचनांचे संदर्भ छापलेले आहेत.

१४/ आता कलमे पाहा. पाद्री गावाने निवडावा आणि तो अयोग्य वागल्यास गावानेच काढावा. धान्याचा दशमांश देऊ, पण त्यातून पाद्र्याचा निर्वाह व्हावा आणि उरलेला गरिबांना मिळावा. लहान दशमांश मुळीच देणार नाही. ख्रिस्ताने आपल्या रक्ताने मेंढपाळासह सर्वांना सोडवले आहे, मग भूदास्य कशाचे? वेठ, खंड आणि दंड वाजवी असावेत. गायरान गावाला परत मिळावे. मृत्युकर रद्द व्हावा.

१५/ यातील बहुतेक गाऱ्हाणी दोन-तीन पिढ्यांची आहेत. नवा आहे तो मापदंड. रिवाज एका खोऱ्यापुरता असतो. शुभवर्तमान मात्र सर्व गावांना एकच. म्हणूनच गावोगावची भांडणे एका छापील कागदावर एकत्र येऊ शकली. बारावे कलम तर विलक्षण आहे : यांपैकी कोणतेही कलम शास्त्राविरुद्ध आहे असे शास्त्रातूनच दाखवून द्या, आम्ही ते मागे घेऊ.

१६/ पण शास्त्राचा अर्थ लावणार कोण? शेतकऱ्यांनी दैवी न्यायाचे निर्णायक म्हणून विद्वानांची एक यादीच पुढे केली. तिच्यात झ्विंग्ली होता, मेलांख्थोन होता आणि ल्यूथरही होता. ज्याच्या शिकवणुकीने धीर दिला, त्यालाच त्यांनी न्यायाधीश नेमले.

१७/ एप्रिल १५२५ मध्ये ल्यूथरने उत्तर लिहिले. उठावाचे मूळ राज्यकर्त्यांच्या जुलमात आहे, असे त्याने त्यांना रोखठोक सुनावले. मात्र भूदास्याचे कलम त्याने फेटाळले. ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, ते देहाच्या व्यवहाराला लावणे चूक, असा त्याचा निर्वाळा. दरम्यान ईस्टरच्या दिवशी वाइन्सबर्ग येथे शेतकऱ्यांनी काउंट हेल्फेनश्टाइन आणि त्याच्या साथीदारांना ठार केले. मे महिन्यात ल्यूथरने बंडखोरांना निर्दयपणे कापून काढा, असे सांगणारे पत्रक लिहिले.

१८/ तोवर रणांगणावर निकाल लागतच होता. स्वाबियन संघाच्या सैन्याने दक्षिणेतील तुकड्या एकेक करून मोडल्या. १५ मे रोजी फ्रांकेनहाउझेन येथे हजारो शेतकरी मारले गेले. त्यांचा उपदेशक टोमास म्युन्त्सर पकडला गेला आणि त्याच महिन्यात त्याचा शिरच्छेद झाला. एकूण ७० हजार ते १ लाख माणसे या युद्धात मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. लोट्झर आणि शापेलर स्वित्झर्लंडला निसटले. त्यानंतर लोट्झरचा मागमूस लागत नाही.

१९/ सर्व काही वाया गेले नाही. १५२६ च्या मेमिंगेन करारात केम्प्टेनच्या कुळांना काही सवलती मिळाल्या. पण धर्मसुधारणेची सूत्रे आता संस्थानिकांच्या हाती गेली. १५२९ मध्ये श्पायरच्या राजसभेत ज्यांच्या निषेधावरून ‘प्रोटेस्टंट’ हे नाव पडले, ते संस्थानिक आणि शहरे होती. गावाने पाद्री निवडण्याची मागणी मागे पडली. बहुतेक ठिकाणी पाद्री नेमण्याचे काम राज्यकर्त्यांकडे आले.

२०/ ल्यूथरमुळेच शेतकरी पेटले, असे म्हणणे ब्यॉम आणि फ्रिट्झ यांना विसरणे होय. धर्म हा केवळ मुखवटा आणि खरे कारण पोटाचे, असे म्हणणेही अपुरे आहे. कारण पोटाचे दुखणे जुनेच होते, तरी त्याला सर्वांची मिळून एक भाषा शास्त्राने दिली. ज्यांनी ती भाषा शिकवली, त्यांनाच ती शेतकऱ्याच्या तोंडी नकोशी झाली. जर्मनीच्या अनेक भागांत भूदास्य कायद्याने संपायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. तिसऱ्या कलमाने जवळजवळ तीनशे वर्षे वाट पाहिली.