फेरारी २५० जीटीओ

फेरारी २५० जीटीओ : इटलीतील मारानेल्लो येथील फेरारी कारखान्याने १९६२ ते १९६४ या काळात बांधलेली, दोन आसनांची, बंद छपराची शर्यतीची मोटारगाडी. अशा एकूण ३६ गाड्या तयार झाल्या. याच घडणीच्या, पण चार लिटरचे इंजिन असलेल्या तीन गाड्या काही अभ्यासक याच कुळात धरतात आणि आकडा ३९ सांगतात. संग्राहकांच्या लिलावात जीटीओ क्वचितच येते. ज्याच्याकडे ती असते तो सहसा ती विकत नाही, आणि विकलीच तर व्यवहार बहुधा खाजगीत होतो. जाहीर बोलीला ती उभी राहते तेव्हा मात्र जुन्या गाड्यांच्या साऱ्या बाजाराचे लक्ष तिकडे लागते. केवळ संख्येने दुर्मिळ म्हणून तिला हा मान मिळालेला नाही. याहून कमी संख्येने बनलेल्या शर्यतीच्या गाड्या पुष्कळ आहेत. जीटीओची प्रत्येक गाडी कुठे धावली, कोणी चालवली, कितवी आली, कोणाकडून कोणाकडे गेली याचा जवळजवळ अखंड लेखी माग उपलब्ध आहे, आणि लिलावात खरी किंमत त्या मागाला मिळते.

निर्मिती : आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने १९६२ पासून उत्पादकांचे अजिंक्यपद ग्रँड टूरिंग, म्हणजे जीटी वर्गातील गाड्यांसाठी ठेवले. या वर्गात उतरायचे तर बारा महिन्यांत त्या नमुन्याच्या किमान शंभर गाड्या बांधलेल्या असाव्यात, असा नियम होता. फेरारीला इतक्या गाड्या बांधायच्या नव्हत्या. ही नवी गाडी नसून आधीच मान्यता मिळालेल्या २५० जीटी बर्लिनेत्ता या गाडीचेच सुधारलेले रूप आहे, अशी भूमिका एन्झो फेरारी यांनी घेतली आणि महासंघाने ती मान्य केली. जीटीओ म्हणजे ‘ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो’, त्यातील ‘ओमोलोगातो’ म्हणजे मान्यताप्राप्त. ‘२५०’ हा आकडा एका सिलिंडरच्या सुमारे २५० सीसी क्षमतेवरून आला. या तडजोडीची खूण गाडीच्या अंगावर राहिली. जॅग्वारच्या ई-टाइपला १९६१ मध्येच मागच्या दोन चाकांसाठी स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले होते, जीटीओला मात्र जुन्या गाडीचा मागचा अखंड अॅक्सल ठेवावा लागला. तो नीट सरळ रेषेत राहावा म्हणून वॅट जोडणीचे दांडे बसवण्यात आले. फेरारीत रस्त्यावरच्या गाड्यांना विषम आणि शर्यतीच्या गाड्यांना सम चॅसिस क्रमांक देण्याची रीत होती. जीटीओचे सगळे क्रमांक विषम आहेत, कारण कागदोपत्री ती रस्त्यावरची गाडी होती.

गाडीची पहिली आखणी अभियंते जोत्तो बिझ्झारिनी यांची. वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून नाक खाली आणि लांब, तर शेपूट उंच आणि एकदम छाटलेले, असा आकार त्यांनी ठरवला. सप्टेंबर १९६१ मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी मोंझा येथे तिच्या पूर्वरूपाची चाचणी घेतली. पण त्याच शरद ऋतूत कारखान्यात मोठा वाद होऊन बिझ्झारिनी, कार्लो कीती, रोमोलो तावोनी अशी जाणती मंडळी एकदम बाहेर पडली. उरलेले काम मौरो फोर्गिएरी या सव्वीस वर्षांच्या अभियंत्यावर येऊन पडले. बाह्यांग मोदेना येथील सेर्जो स्काल्येत्ती यांच्या कारखान्यात अॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून घडवले जाई. त्यामुळे कोणत्याही दोन गाड्या तंतोतंत सारख्या नाहीत. गालांवरच्या हवेच्या फटी कुठे दोन तर कुठे तीन आहेत. शेपटावरची उभी पट्टी सुरुवातीच्या गाड्यांना वेगळी जोडली होती, पुढे ती पत्र्यातच घडवली जाऊ लागली. आज गाडी पारखणारे या बारीकसारीक फरकांवर तासन्‌तास घालवतात, आणि ते योग्यच आहे. जुन्या छायाचित्रांतली गाडी आणि समोरची गाडी एकच आहे का, हे त्यांवरूनच ठरते.

इंजिन जोआक्कीनो कोलोम्बो यांच्या मूळ रचनेतून आलेले, बारा सिलिंडरचे, २,९५३ सीसीचे. २५० तेस्ता रोस्सा या शर्यतीच्या गाडीत ते आधीच कसाला उतरले होते. सहा वेबर कार्ब्युरेटर आणि ७,५०० फेऱ्यांना सुमारे ३०० अश्वशक्ती. ऑइल इंजिनाच्या पोटात न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवल्यामुळे इंजिन बरेच खाली बसवता आले आणि नाकाचा उतार शक्य झाला. गिअर पाच, चाके तारांच्या आऱ्यांची, पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २,४०० मिमी, वजन ९०० किलोच्या आसपास. आत चैनीचे काहीच नाही. चालकासमोर फेऱ्यांचा मोठा काटा असतो, वेगाचा काटा बसवलेलाच नाही. १९६४ मध्ये आणखी रुंद आणि बुटके बाह्यांग आले. त्या रूपातल्या नव्या गाड्या तीनच. चार जुन्या गाड्यांना मागाहून ते बाह्यांग चढवण्यात आले.

शर्यती : मार्च १९६२ मध्ये अमेरिकेतील सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत फिल हिल आणि ऑलिव्हिए जांदबियाँ यांनी जीटीओ पहिल्यांदा उतरवली. हिल तेव्हा फॉर्म्युला वनचे विद्यमान विश्वविजेते होते. एकूण दुसरा आणि आपल्या वर्गात पहिला क्रमांक त्यांनी मिळवला. त्याच वर्षी ल माँच्या चोवीस तासांत जीटीओ दुसरी आणि तिसरी आली, १९६३ मध्ये पुन्हा दुसरी. गुडवूडची टुरिस्ट ट्रॉफी १९६२ मध्ये इनेस आयर्लंड यांनी आणि १९६३ मध्ये ग्रॅहॅम हिल यांनी जीटीओतूनच जिंकली. तिच्या स्वभावाशी सर्वांत जुळणारी स्पर्धा म्हणजे ‘तूर द फ्रान्स’ ही मोटारींची फ्रान्स-परिक्रमा. वेगवेगळ्या धावपट्ट्यांवरच्या आणि घाटांतल्या शर्यती, आणि एकीकडून दुसरीकडे सार्वजनिक रस्त्याने त्याच गाडीतून जायचे, असे तिचे स्वरूप होते. १९६३ आणि १९६४ अशी दोन वर्षे ती जीटीओने जिंकली. १९६२ ते १९६४ अशी सलग तीन वर्षे मोठ्या जीटी गाड्यांच्या वर्गाचे अजिंक्यपद फेरारीकडे राहिले. १९६५ मध्ये कॅरॉल शेल्बी यांच्या कोब्रा डेटोना कूपेने ते हिसकावले.

पडता काळ : नवी जीटीओ अमेरिकेत सुमारे १८,५०० डॉलरला मिळे, तीही ग्राहकाला एन्झो फेरारी यांची पसंती असेल तर. अमेरिकेतल्या ग्राहकांची निवड त्यांचे तिथले विक्रेते लुइजी किनेत्ती करीत. शर्यतीतून बाद झाल्यावर ती इतर कोणत्याही जुन्या शर्यतीच्या गाडीसारखी झाली : कर्कश आवाज, उन्हाळ्यात असह्य उकाडा, सुट्या भागांची मारामार. ३५८९ या चॅसिस क्रमांकाची गाडी टेक्सासमधील व्हिक्टोरिया हायस्कूलला मोटारदुरुस्तीच्या वर्गासाठी दान देण्यात आली होती. शाळेने १९७२ मध्ये ती ६,५०० डॉलरला विकली. याच दशकात, १९७७ मध्ये, पिंक फ्लॉइडचे ढोलवादक निक मेसन यांनी १९६२ च्या ल माँमध्ये तिसरी आलेली जीटीओ सुमारे ३७,००० पौंडांना घेतली. ती अजून त्यांच्याकडे आहे आणि ते ती चालवतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस किमती भडकल्या. १९८९ मध्ये एका गाडीला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर मिळाल्याची नोंद आहे. त्यानंतरच्या मंदीत भाव काही वर्षे कोसळले होते.

लिलावातील किमती : जीटीओच्या लिलावांचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हातोडा पडतो ती बोली वेगळी आणि प्रसिद्ध होणारी किंमत वेगळी. दुसरीत लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेले शुल्क मिळवलेले असते. ऑगस्ट २०१४ मध्ये बॉनहॅम्सने कॅलिफोर्नियातील क्वेल लॉज येथे चॅसिस क्रमांक ३८५१ विकली, तेव्हा हातोडा ३ कोटी ४६ लाख ५० हजार डॉलरवर पडला आणि शुल्कासह किंमत ३ कोटी ८१ लाख १५ हजार झाली. लिलावात विकल्या गेलेल्या कोणत्याही मोटारीला तोवर इतकी किंमत आली नव्हती. ही गाडी १९६२ च्या तूर द फ्रान्समध्ये दुसरी आली होती, आणि काही आठवड्यांतच मोंलेरीच्या धावपट्टीवर तिच्या अपघातात आंरी ओरेय्ये यांचा मृत्यू झाला. १९४८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगच्या शर्यतींत दोन सुवर्णपदके मिळवलेले हे फ्रान्सचे लाडके खेळाडू. गाडी दुरुस्त होऊन पुन्हा धावली, आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षे इटालियन संग्राहक फाब्रित्सिओ व्हिओलाती यांच्याकडे राहिली. या दुःखद नोंदीसह तिचा संपूर्ण वृत्तान्त सूचीपत्रात छापला होता.

ऑगस्ट २०१८ मध्ये आरएम सदबीजने माँटेरी येथे क्रमांक ३४१३ बोलीला काढली. बांधणीच्या क्रमात ही तिसरी. १९६२ च्या तार्गा फ्लोरिओ शर्यतीच्या सरावात फिल हिल यांनी ती चालवली. नंतर तिचे मालक एदोआर्दो लुआल्दी यांनी तिच्या बळावर इटलीचे राष्ट्रीय जीटी अजिंक्यपद मिळवले. पुढची दोन वर्षे तिने तार्गा फ्लोरिओत आपला वर्ग जिंकला. हातोडा ४ कोटी ४० लाखांवर पडला, किंमत ४ कोटी ८४ लाख ५ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३४० कोटी रुपये. तिच्या अंगावर आहे ते १९६४ चे बाह्यांग, १९६२ चे नव्हे. तरीही तिने उच्चांक केला, कारण ते बाह्यांग स्काल्येत्तींनीच, शर्यतीसाठी, तिच्या धावत्या काळात चढवले होते. असा बदल मला गाडीच्या चरित्राचाच भाग वाटतो, आणि तो पुसून तिला ‘मूळ’ रूपात नेण्याचा मोह कोणी केला नाही हे फार चांगले झाले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला याच लिलावगृहाने क्रमांक ३७६५ विकली. चार लिटर इंजिनानिशी ही गाडी फेरारीच्या स्वतःच्या संघाकडून धावली होती. १९६२ च्या न्युर्बुर्गरिंग १,००० किमी शर्यतीत माइक पार्क्स आणि विली मेरेस यांनी तिला एकूण दुसरे स्थान मिळवून दिले. ल माँमध्ये पार्क्स आणि लोरेन्झो बांदिनी यांना मात्र ती शेवटपर्यंत नेता आली नाही. लिलावगृहाला ६ कोटी डॉलरच्या वर अपेक्षा होती. बोली ४ कोटी ७० लाखांवर थांबली आणि शुल्कासह किंमत ५ कोटी १७ लाख ५ हजार डॉलर (सुमारे ४३० कोटी रुपये) झाली. अपेक्षेपेक्षा कमी असूनही लिलावातली ती तोवरची सर्वांत महाग फेरारी होती. १९६४ चा तूर द फ्रान्स जिंकणारी क्रमांक ४१५३ ही गाडी २०१८ मध्ये खाजगी व्यवहारात सुमारे ७ कोटी डॉलरला गेल्याची वृत्ते आली. तिला जाहीर बोलीची कसोटी नाही, म्हणून ती किंमत वरच्या आकड्यांशेजारी मांडणे बरोबर नाही. सर्व मोटारींमधला लिलावाचा उच्चांक मात्र फेरारीकडे राहिला नाही : मे २०२२ मध्ये श्टुटगार्ट येथे मर्सिडीज-बेंझने आपल्या दोनच ३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपेंपैकी एक १३ कोटी ५० लाख युरोंना विकली.

अस्सलपणा : शर्यतीची गाडी आपटते, जळते, तिचे इंजिन बदलले जाते, पत्रा पुन्हा ठोकला जातो. मग अस्सल कोणती म्हणायची? या प्रश्नावर १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाचा निकाल झाला. १९२९ आणि १९३० ची ल माँ जिंकणाऱ्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलेच्या एक कोटी पौंडांच्या विक्रीवरून तो खटला उभा राहिला होता. गाडीत मूळचे भाग फारच थोडे उरले होते. तरी तिच्या अस्तित्वाची साखळी कुठेही तुटलेली नाही आणि त्याच नावाची दावेदार दुसरी गाडी नाही, म्हणून ती तीच गाडी आहे, असे न्यायाधीशांनी ठरवले. जीटीओच्या बाबतीत लिलावगृहे हाच मार्ग धरतात. चॅसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल यांवर कोरलेले क्रमांक कारखान्याच्या बांधणीपत्रकाशी ताडले जातात, शर्यतींच्या प्रवेशयाद्या आणि छायाचित्रे जुळवली जातात, मालकांची यादी सलग लावली जाते. फेरारीचा क्लासिके विभाग तपासणी करून प्रमाणपत्राची लाल वही देतो.

ही काळजी अनाठायी नाही. जीटीओच्या नकला पुष्कळ झाल्या आहेत, आणि त्यांसाठी अनेकदा त्याच काळातल्या २५० जीटीई या चार आसनी फेरारीचा बळी दिला गेला. तिचे इंजिन आणि सांगाडा घेऊन वर जीटीओचे बाह्यांग चढवले गेले. किंमत कमी म्हणून एक चांगली गाडी दुसरीचे सोंग घेण्यासाठी कापली गेली, हे नुकसान लिलावाच्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही. नकलांविरुद्ध फेरारीने न्यायालयातही धाव घेतली. २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने जीटीओचा आकार ही संरक्षणास पात्र कलाकृती असल्याचे मानले. पण २००८ मध्ये नोंदवलेले त्याच आकाराचे व्यापारचिन्ह युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने २०२० मध्ये मोटारींपुरते रद्द केले, कारण या आकाराची गाडी फेरारी अनेक वर्षे बनवतच नव्हती.

सर्व ३६ गाड्या आज या ना त्या रूपात टिकून आहेत. इंग्लंडमधील गुडवूड रिव्हायव्हलच्या किनरारा ट्रॉफीत त्यांतल्या काही अजूनही पूर्ण वेगाने शर्यत करतात, आणि मालक ठरावीक वर्षांनी एकत्र येऊन शेकडो किलोमीटरचा दौरा रस्त्याने करतात. २०१२ च्या अशाच फ्रान्समधील दौऱ्यात एका जीटीओला मोठा अपघात झाला.