जहाजांचीं तैलचित्रें व त्यांची पारख

दिवाणखान्यांत शिडाच्या जहाजाचें जुनें तैलचित्र दिसलें, कीं पाहुणा दोन गोष्टी विचारतो: हें किती जुनें, आणि याचें मोल काय? उत्तर चौकटीच्या सोनेरी मुलाम्यांत सांपडत नाहीं. त्यासाठीं अशा चित्रांचा इतिहास पाहिला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकांत असें चित्र म्हणजे बहुधा एका विशिष्ट जहाजाची तसबीर असे. कप्तान अथवा मालक पैसे देऊन ती काढवून घेई. आणि ज्यास आपल्या जहाजाचा दोर न् दोर ठाऊक, त्याच्यापुढें चित्रकाराची चूक खपत नसे. १८५० सालीं कोपनहेगन येथें जन्मलेला अंतोनियो जेकबसन हा या कलेंतील नामांकित कारागीर. अमेरिकेंत गेल्यावर तो प्रथम लोखंडी तिजोऱ्यांवर चित्रें रंगवी; पुढें न्यूयॉर्क बंदरांत येणारीं जहाजें रंगवूं लागला, आणि १९२१ सालीं निवर्तेपर्यंत त्याच्या हातून सुमारें ६,००० चित्रें झालीं. परंतु वाफेनें शिडांस हटविलें, तेव्हां शिडाचें जहाज शोभेची वस्तु बनलें. विसाव्या शतकांत केवळ भिंती सजविण्यासाठीं, कोणत्याच खऱ्या जहाजाचीं नव्हेत अशीं चित्रें विपुल निघालीं.

म्हणून पारख सहीपासून आरंभूं नये. सही मागाहूनही घालतां येते. प्रथम चित्र उलटें करून कापड, लांकूड व खिळे पाहावे. मग भिंग लावावें. एकसारखे बारीक ठिपके दिसल्यास तें छापील समजावें. भेगांवर विसंबूं नये, त्या मुद्दाम पाडतां येतात. टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांस १९२० च्या सुमारास मिळूं लागला. १८६० च्या म्हणविलेल्या चित्राच्या मूळ थरांत तो आढळला, तर तो दावा तेथेंच संपला. शेवटीं वारा पाहावा. मागच्या वाऱ्यानें शिडें पुढें फुगलेलीं आणि निशाण मात्र मागें उडतें, असें समुद्रावर घडत नाहीं. ही चूक आपला कोळी बंधु पंडितांच्या आधीं ओळखील.

फ्रान्समध्यें मार्सेय येथील नोत्र-दाम द ला गार्द या मंदिरांत, वादळांतून वांचलेल्यांनीं नवस फेडण्यास वाहिलेलीं जहाजांचीं चित्रें आहेत. त्यांचें मोल बाजार ठरवीत नाहीं. आपल्या घरच्या चित्रामागेंही जहाजाचें नांव, बंदर वा साल लिहिलेलें असेल, तर तें पुसूं नये. साबणपाण्यानें चित्र धुवूं नये. जुनी चौकट टाकूं नये. आणि चित्र शोभेचेंच ठरलें, तर त्यांत कमीपणा नाहीं; मात्र शोभेच्याच मोलानें तें द्यावें. अज्ञानानें वाडवडिलांचा ठेवा कवडीमोल विकणें ही हानि. पण जाणूनबुजून शोभेची वस्तु दुर्मिळ म्हणून शेजाऱ्याच्या गळ्यांत बांधणें हें पाप होय.