वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. जनरल रजिस्टरवरून दाखला उतरवणारा कारकून त्यात बहुधा डोळे मिटून ‘चांगली’ लिहितो, मुख्याध्यापक सही-शिक्का करतात. बाकावर कोरलेली नावं, फळ्यावर काढलेलं मास्तरांचं व्यंगचित्र, मधल्या सुट्टीतली मारामारी, सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं जातं. वरवर पाहता हा निव्वळ दप्तरी आळस. मला मात्र ती पोरांच्या चुका पोटात घालण्यासाठी समाजाने नकळत लावलेली सोय वाटते, आणि समाजमाध्यमांनी मोडली ती नेमकी हीच. पोरं वात्रट पूर्वीही बोलत होती. मधला कारकून तेवढा गेला.

जुना काळ दयाळू होता असा याचा अर्थ नव्हे. सरकारला कुणाचं पूर्वायुष्य उकरायचंच असलं, तर ‘चांगली’ कामाला येत नसे. विदेशी कपड्यांच्या होळीपायी १९०५ मध्ये फर्ग्युसन कॉलेजने विनायक सावरकरांना दहा रुपये दंड केला, वसतिगृहातून काढलं. कॉलेजपुरतं ते प्रकरण तिथेच मिटलं. उलट पुढच्याच वर्षी टिळकांच्या शिफारशीने लंडनला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. पण १९१० मध्ये लंडनला अटक झाली, तेव्हा आरोपांत १९०६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हिंदुस्थानात केलेली भाषणंही निघाली. कॉलेजच्या शिक्षेला शेवट होता, पोलिसांच्या टिपणांना नव्हता. तरीही अशी टिपणं ठेवायची तर माणूस मागे लावावा लागे, त्याला पगार द्यावा लागे; म्हणून ती मोजक्यांच्याच वाट्याला येत. आता प्रत्येक जण स्वतःचं टिपण स्वतःच लिहितो, तेही फुकट.

यावर कुणी म्हणेल, द्वेषाने बरळलेलंही पोटात घालायचं का? मुळीच नाही. इंग्लंडचा गोलंदाज ऑली रॉबिन्सन जून २०२१ मध्ये लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळत होता, त्याच दिवशी त्याची २०१२-१३ मधली वंशद्वेषी आणि स्त्रियांना हिणवणारी ट्वीट्स बाहेर आली. लिहिताना तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता. त्याला निलंबित केलं, चौकशी झाली, आठ सामन्यांची बंदी आली, त्यांतले पाच तहकूब ठेवले, वर दंड. ऑगस्टमध्ये तो भारताविरुद्ध खेळला, आणि हेडिंग्लेला आपल्याला त्याने चांगलंच रडवलं. शिक्षा झाली, पण तिला मोजमाप होतं आणि ऐकून घेणारं कुणीतरी होतं. जुन्या पोस्टपायी कुणाचा नोकरीचा अर्ज गुपचूप बाजूला सारला जातो तेव्हा यातलं काहीच नसतं. उमेदवाराला कारणही कळत नाही.

‘मग जपून लिहावं’ हा सल्ला सोपा आहे, पण तो चाळिशीतल्या माणसाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधल्या खासगीपणाच्या हक्काबद्दलच्या निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी स्पष्ट लिहिलं, की बालिश चुकांचे परिणाम मुलांना जन्मभर भोगावे लागू नयेत. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्याने माहिती पुसून घेण्याचा हक्कही मान्य केला. परक्याच्या फोनमधल्या स्क्रीनशॉटपर्यंत तो हक्क पोचायचा कसा, हे वेगळंच. शिवाय पुसण्याची मुभा आपल्या देशात, आणि विचारणारा दुसऱ्या देशात. अमेरिकेचा व्हिसा-अर्ज २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती विचारतो. जून २०२५ पासून तर विद्यार्थ्यांनी ती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवायची आहेत. पुण्यातून इंजिनिअर होऊन बाविसाव्या वर्षी मुंबईच्या वकिलातीत रांगेला उभं राहणाऱ्या मुलीला सतराव्या वर्षीचं खातंही त्या अर्जात नोंदवावं लागतं. फायलीतल्या तिच्या दाखल्यावर तेव्हाही ‘वर्तणूक : चांगली’ असंच लिहिलेलं असतं.