वाहता कान : एका न दुखणाऱ्या आजाराचा इतिहास



पत्रिकेत आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत कानाचा आजार कशाला? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही, इतिहास शिकवतो. पण या आजाराचा मी रुग्ण आहे. माझ्या उजव्या कानावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. पहिल्या वेळी घरी पडून होतो, वाचण्याशिवाय उद्योग नव्हता, तेव्हा या आजाराचा इतिहास शोधायला लागलो. त्यातून जे हाती लागलं, ते आज सांगणार आहे. अधूनमधून माझ्या कानाचं गाऱ्हाणंही येईल, ते चालवून घ्या.

आजाराचं नाव कोलेस्टिआटोमा. हे नाव १८३८ मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं. ग्रीक शब्द फोडून बघितले तर पित्त, चरबी आणि गाठ असे तीन तुकडे निघतात. गंमत अशी की तिन्ही चुकीचे आहेत. यात पित्त नाही, चरबीची वाढ नाही आणि कर्करोगासारखी गाठही नाही. ही असते साधी कातडी, फक्त भलत्या जागी गेलेली. म्युलरच्या आधी, १८२९ मध्ये, क्रुव्हेलिये या फ्रेंच वैद्याने तिला मोत्यासारखी गाठ म्हटलं होतं. ते वर्णन जास्त नेमकं होतं, कारण ती खरंच पांढरी, चकचकीत दिसते. पण टिकलं ते चुकीचं नाव. इतिहासात असं पुष्कळदा होतं.

आता ही कातडी भलत्या जागी जाते कशी? कानाच्या पडद्याच्या बाहेरच्या अंगाला पातळ त्वचा असते. ती सतत हळूहळू बाहेर सरकत असते आणि मेलेल्या पेशी मळाबरोबर बाहेर टाकते. पडद्याच्या आत एक छोटी पोकळी आहे. तिच्यातली हवा खेळती राहावी म्हणून तिथून घशामागे एक नळी जाते. लहानपणापासून सर्दी, सूज, यांमुळे ही नळी नीट उघडेनाशी झाली, की आतला दाब कमी होतो आणि पडदा आत ओढला जातो. तिथे खिसा तयार होतो. खिशाचं तोंड अरुंद असलं की मेलेली कातडी बाहेर पडत नाही, कांद्याच्या पापुद्र्यासारखी आतच साठत जाते. तिला जंतुसंसर्ग होतो, दुर्गंधी येणारा स्राव सुरू होतो आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेजारचं हाड झिजू लागतं.

शाळेत आपण हातोडी, ऐरण, रिकीब शिकलो. त्यातली ऐरण बहुतेकदा आधी खाल्ली जाते. पण खरी भीती शेजाऱ्यांची असते. एका बाजूला चेहऱ्याची नस, मागे शरीराचा तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या, आणि वर हाडाच्या पातळ पत्र्यापलीकडे मेंदू. आणि हे सगळं चाललेलं असताना कान बहुधा दुखत नाही. आजच्या व्याख्यानात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दुखत नाही, म्हणून माणूस थांबतो.

आपल्याकडे वाहत्या कानाची नोंद जुनी आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग मोजले आहेत. त्यांत कर्णस्राव आहे आणि पूतिकर्ण, म्हणजे दुर्गंधी येणारा कान, वेगळा सांगितला आहे. याचा अर्थ सुश्रुताला कोलेस्टिआटोमा माहीत होता, असं मी म्हणणार नाही. आजचं निदान जुन्या ग्रंथावर चिकटवणं इतिहास शिकवणाऱ्याला शोभत नाही. पण नुसता वाहणारा कान आणि वास येणारा कान यांत फरक आहे, हे त्यांनी टिपलं होतं. आमच्या घरात तेवढंही कुणी टिपलं नव्हतं. ‘पोराचा कान फुटलाय’ एवढंच निदान. उपाय लसूण घालून कढवलेलं तेल, वरून कापसाचा बोळा. आजी म्हणायची, मोठा झाला की थांबेल आपोआप. तिच्या मायेत कमी नव्हतं. मी मोठा झालो, कान काही थांबला नाही.

युरोपातही वेगळं चित्र नव्हतं. १६८३ मध्ये पॅरिसच्या द्युव्हर्ने यांनी केवळ कानावर एक ग्रंथ लिहिला. अठराव्या शतकात झां-लुई पेती या फ्रेंच शल्यवैद्याने कानामागचं हाड उघडून आतला पू काढला. १७७६ मध्ये यासर नावाच्या प्रशियन लष्करी शल्यवैद्याने एका सैनिकावर तसंच केलं आणि सैनिक बरा झाला. झालं, शस्त्रक्रियेचा बोलबाला झाला. मग १७९१ मध्ये डेन्मार्कच्या राजाचे वैद्य बॅरन फॉन बर्गर यांनी स्वतःच्या कानामागचं हाड उघडून घेतलं. त्यांच्या कानात पू नव्हता. त्यांना ऐकू कमी यायचं आणि कानात आवाज यायचा. म्हणजे शस्त्रक्रियेचं कारणच चुकलं होतं. काही दिवसांत मेंदूच्या आवरणाला सूज येऊन ते गेले.

याचा परिणाम बघा. पेशंट बडा, राजाचा माणूस. त्याच्या मृत्यूनंतर युरोपातल्या शल्यवैद्यांनी या शस्त्रक्रियेला जवळपास हातच लावला नाही. जी शस्त्रक्रिया पू झालेल्यांचे प्राण वाचवू शकत होती, ती पू नसलेल्या एका माणसावर फसली म्हणून बाजूला पडली. जवळजवळ ऐंशी वर्षं गेली. या काळात कानातून मेंदूत संसर्ग जाऊन किती माणसं दगावली असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आता डब्लिनला जाऊ. तिथे सर विल्यम वाइल्ड नावाचे डोळ्यांचे आणि कानांचे नामांकित शल्यवैद्य होते. १८४४ मध्ये त्यांनी तिथे रुग्णालय काढलं आणि १८५३ मध्ये कानाच्या आजारांवर मोठं पुस्तक लिहिलं. कानामागे गळू झालं तर ते कुठे कापावं, ती रेघ आजही वाइल्ड यांच्या नावाने ओळखली जाते. वाहत्या कानाकडे दुर्लक्ष करू नका, तो कुठे जाऊन थांबेल हे सांगता येत नाही, असा इशारा त्यांनी या पुस्तकात दिला होता. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव ऑस्कर. होय, तोच, नाटककार ऑस्कर वाइल्ड.

ऑस्करला तुरुंगवास झाला हे आपल्याला माहीत आहे. १८९६ मध्ये रेडिंगच्या तुरुंगातून त्याने गृहमंत्र्यांकडे जो अर्ज केला, त्यात उजव्या कानाची तक्रार आहे. पडद्याला भोक पडलंय, ऐकू येईनासं झालंय, नीट उपचार होत नाहीत. सुटल्यावर तो पॅरिसला गेला. १० ऑक्टोबर १९०० रोजी हॉटेलातल्या खोलीतच त्याच्या कानावर शस्त्रक्रिया झाली आणि ३० नोव्हेंबरला तो मेंदूतल्या संसर्गाने वारला. वय ४६. पुढे कित्येक वर्षं लोक सांगत राहिले, की त्याला गुप्तरोग होता, त्यानेच गेला. २००० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात रॉबिन्स आणि सेलर्स या दोन दक्षिण आफ्रिकी डॉक्टरांनी सगळी कागदपत्रं तपासून मांडलं, की मृत्यूचं मूळ जुन्या कानाच्या आजारात होतं आणि तो आजार कोलेस्टिआटोमा असण्याची दाट शक्यता आहे. शंभर वर्षांनंतरचं निदान आहे, त्यामुळे खात्री देता येत नाही. पण बापाने पुस्तकात लिहून ठेवलेला धोका मुलाच्या वाट्याला यावा, याचं वाईट वाटतंच.

खरं म्हणजे १९०० पर्यंत शस्त्रक्रिया बरीच पुढे गेली होती. १८४६ नंतर भूल आली, मग लिस्टरची जंतुनाशकं आली. १८७३ मध्ये जर्मनीत हाले इथल्या हेर्मान श्वार्ट्झे यांनी कानामागचं हाड छिन्नी-हातोडीने कधी आणि कसं उघडायचं, याची पद्धत घालून दिली. १८९० च्या सुमारास झाउफाल आणि श्टाके यांनी त्यापुढची पायरी गाठली. हाडातली पोकळी, मधला कान आणि बाहेरची वाट, सगळं एक करून टाकायचं, म्हणजे कातडीला लपायला जागा उरणार नाही. जीव वाचायचा. ऐकू येणं मात्र बहुतेकदा जायचं. १९१० मध्ये बाँडी यांनी काही रुग्णांत पडदा आणि हाडं राखता येतात हे दाखवलं.

पुढचं काम तीन गोष्टींनी केलं. १९२१-२२ मध्ये स्वीडनमध्ये नायलेन आणि होल्मग्रेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं. आणि १९५० च्या दशकात वुलश्टाइन आणि त्स्योलनर यांनी पडदा आणि हाडांची साखळी पुन्हा उभी करायचं तंत्र रूढ केलं. म्हणजे आधी जीव, मग कोरडा कान, मग ऐकू येणं, अशा क्रमाने हे शास्त्र दीडशे वर्षं चालत आलं.

शस्त्रक्रियेच्या आधी माझ्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, ‘सर, पहिलं काम कान सुरक्षित करणं. दुसरं तो कोरडा करणं. ऐकू येण्याचं आपण तिसऱ्या नंबरवर बघू.’ तेव्हा मला राग आला होता. मी शिक्षक, मला ऐकू यायला नको का? पुढे हा इतिहास वाचला तेव्हा कळलं, की त्यांनी दीडशे वर्षं तीन वाक्यांत सांगितली होती.

भूल उतरता उतरता पहिला आवाज ऐकला तो असा : ‘डोळे घट्ट मिटा, दात दाखवा.’ चेहऱ्याची नस शाबूत आहे का, ते बघत होते. मी दात दाखवले. बायको म्हणाली, एवढं हसताना तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. (हशा) नंतरचे आठवडे मात्र हसण्यासारखे नव्हते. कानात पॅक, उठलं की चक्कर. जिभेची एक कड धातू चाटल्यासारखी लागायची, कारण चवीची एक बारीक नस मधल्या कानातूनच जाते. कानाची पाळी बधिर, दाढी करताना ती दुसऱ्याची वाटायची. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, आंघोळीला व्हॅसलिन लावलेला बोळा. चहा कुठल्या चवीचा आहे हे कळायला मला काही महिने लागले.

वर्षभराने दुसरी शस्त्रक्रिया, आत काही उरलं आहे का ते पाहायला. तांदळाच्या दाण्याएवढं उरलं होतं. ते काढलं आणि झिजलेल्या ऐरणीच्या जागी कृत्रिम जोड बसवला. आता अनेक ठिकाणी हे पाहण्यासाठी विशिष्ट प्रकारचा एमआरआय करतात, त्यामुळे काही जणांची दुसरी शस्त्रक्रिया टळते. पण या आजारात डॉक्टर ‘बरा झाला’ असं पटकन म्हणत नाहीत. ‘सध्या काही दिसत नाही’ म्हणतात. दर वर्षी दाखवायला जावं लागतं. वर्गात उजवीकडच्या मुलाने प्रश्न विचारला तर मला अजून मान वळवावी लागते. कान कोरडा आहे, हे माझ्यासाठी पुष्कळ आहे.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. बहिरेपणा रोखण्यासाठी २००६ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तपासणीची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहे. तरी मागच्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा कानात कापूस घालून बसलेला दिसला. जवळ गेलो तर तोच वास, चाळीस वर्षांपूर्वीचा, माझा. आईला बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, ‘वाहतोय लहानपणापासून, पण सर, दुखत नाही त्याला.’

मी त्यांना ना श्वार्ट्झे सांगितला, ना ऑस्कर वाइल्ड. केस बाजूला करून कानामागचा माझा व्रण दाखवला आणि म्हटलं, ताई, मलाही दुखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला घेऊन तपासणीला गेल्या.

तुमच्या घरात, शेजारी, वर्गात असा कान असेल तर दुखण्याची वाट बघू नका.