अपोलो-१३ : एका राहून गेलेल्या दुरुस्तीची कथा

मानवाने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले ते जुलै १९६९ मध्ये, हे शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. परंतु त्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी चंद्राकडे निघालेले तीन वीर तेथे न उतरताच परतले, आणि ते सुखरूप परतले हाच मोठा पराक्रम ठरला, ही हकीकत घरोघरी तितकीशी सांगितली जात नाही. ती आमच्या तरुण वाचकांसाठी येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

११ एप्रिल १९७० रोजी जेम्स लोव्हेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेज यांना घेऊन अपोलो-१३ ने फ्लॉरिडातून उड्डाण केले. यानाचे दोन मुख्य भाग होते : 'ओडिसी' हे मुख्य यान आणि चंद्रावर उतरण्यासाठीचे 'अ‍ॅक्वेरियस' हे छोटे यान. भारतात १४ एप्रिलची सकाळ उजाडली होती, तेव्हा पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरांहून अधिक अंतरावर ओडिसीतील प्राणवायूची एक टाकी फुटली आणि दुसरीही गळू लागली. हा प्राणवायू केवळ श्वासासाठी नव्हता. यानातील वीज व पाणीही त्यापासूनच तयार होत असे. ओडिसीचे प्राणच हरपत चालले होते.

तिघांनी अ‍ॅक्वेरियसचा आश्रय घेतला. ते दोन माणसांसाठी, सुमारे दोन दिवसांपुरते बनविलेले होते. आता त्यात तिघांना जवळजवळ चार दिवस काढावयाचे होते. ओडिसीतील बॅटऱ्या शेवटच्या उतरणीसाठी राखून ते यान पूर्ण बंद करण्यात आले. मागे फिरण्याऐवजी चंद्राला वळसा घालावा आणि त्याच्याच आकर्षणाचा लाभ घेऊन पृथ्वीकडे यावे, असे ठरले. वळसा पूर्ण झाल्यावर अ‍ॅक्वेरियसचे इंजिन सुमारे साडेचार मिनिटे चालवून प्रवासाचे काही तास वाचविण्यात आले.

वीज वाचविण्यासाठी बहुतेक उपकरणे बंद ठेवल्यामुळे यानात कडाक्याची थंडी पडली. पाणी माणशी दिवसाला पाव लिटरहूनही कमी. त्यातच उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड साठू लागला. तो शोषून घेणारे डबे ओडिसीत भरपूर होते. पण ते चौकोनी, आणि अ‍ॅक्वेरियसमधील जागा गोल! ह्यूस्टनच्या अभियंत्यांनी यानात उपलब्ध असलेल्या वस्तूंचीच यादी समोर ठेवली आणि प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तिकेचे जाड पुठ्ठे, पोशाखाची नळी व चिकटपट्टी यांतून जोडणी सिद्ध केली. तिची कृती त्यांनी बिनतारी संदेशाने पायरीपायरीने सांगितली. अंतराळवीरांनी ती जशीच्या तशी करताच हवा शुद्ध होऊ लागली. १७ एप्रिल रोजी तिघेही प्रशांत महासागरात सुखरूप उतरले.

येथवरची कथा धैर्याची झाली. आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो तो पुढील चौकशीचा भाग.

१९६५ मध्ये या टाक्यांच्या तपशिलात एक दुरुस्ती झाली होती : आतील तापकास २८ ऐवजी ६५ व्होल्टचा दाब सोसता यावा. परंतु तापमान नियंत्रित करणारी छोटी कळ मात्र जुन्या २८ व्होल्टचीच राहिली. पुढे १९६८ मध्ये ही टाकी काढताना सुमारे पाच सेंटिमीटरांवरून आपटली. मार्च १९७० च्या चाचणीत ती नीट रिकामी होईना, म्हणून तापक सुमारे आठ तास चालू ठेवण्यात आला. ६५ व्होल्टच्या दाबाने कळ वितळून चिकटली. आतील उष्णता शेकडो अंशांवर गेली आणि तारांवरील आवरण जळाले. तापमापक मात्र सुमारे २७ अंशांपलीकडे दाखवूच शकत नव्हता, त्यामुळे पाहणाऱ्यास सारे ठीकच दिसले. यान आकाशात असताना प्राणवायू ढवळण्यासाठी पंखा लावला, ठिणगी पडली आणि अनर्थ झाला.

आमचे आयुष्य शासकीय सेवेत गेले. सुधारित आदेश काढणे सोपे असते. तो शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचून अमलात आला की नाही हे पाहणे, हेच खरे काम. येथे प्रत्येक हाताने आपापले काम केले. मात्र दुरुस्ती सर्वांपर्यंत पोहोचली का, हे कोणीच तपासले नाही. उलट संकटात तेच लोक एका यादीभोवती बसले आणि प्रत्येक पायरी स्वतः करून पाहिल्यावरच त्यांनी ती वर कळविली.

या तपासणीत केन मॅटिंग्ली हेही होते. जर्मन गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्याने त्यांना ऐन वेळी वगळून स्विगर्ट यांना घेण्यात आले होते. मॅटिंग्लींना गोवर झालाच नाही. बंद ओडिसी पुन्हा सुरू करण्याचा क्रम ठरविताना त्यांनी हातभार लावला, आणि १९७२ मध्ये अपोलो-१६ मधून ते चंद्राच्या कक्षेत गेले.

टाक्यांची रचना बदलून व एक जादा टाकी बसवून जानेवारी १९७१ मध्ये अपोलो-१४ निघाले आणि त्यातील दोघे चंद्रावर उतरले. लोव्हेल यांचे पाऊल चंद्रावर कधीच पडले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ९७ व्या वर्षी ते निवर्तले. आमच्या बालवाचकांनी चंद्रावर उतरलेल्यांच्या नावांबरोबर त्यांचेही नाव ध्यानी ठेवावे, एवढीच आमची इच्छा आहे.