वर्णकहीनता : एका जुन्या गैरसमजाचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह, राजे आणि त्यांच्या सनावळ्या एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. कुर्ल्याच्या श्रोत्यांपुढे बोलताना तर वसईच्या मोहिमेची आठवण होणे साहजिकच आहे; कारण कुर्ला ही जुन्या साष्टी बेटातील वस्ती, आणि १५३४ पासून दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेली ही साष्टी मराठ्यांनी १७३७ साली जिंकून घेतली. परंतु आज आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत, तो गडकोटांचा इतिहास नव्हे. माणसाच्या कातडीचा रंग आणि त्या रंगावरून समाजाने बांधलेले तर्क, यांचा तो इतिहास आहे.

चारचौघांसारख्या सावळ्या आईबापांच्या पोटी कधी कधी एखादे मूल असे जन्मते, की त्याचे केस पांढुरके किंवा पिवळसर असतात, कातडी गुलाबी गोरी असते, भुवया आणि पापण्याही फिक्या असतात. दिवसाउजेडी ते डोळे मिचकावते, आणि त्याची बुबुळे सारखी थरथरत असतात. बारशाला जमलेल्या बायका आपापसांत कुजबुजतात. मोठेपणी शाळेतील मुले त्याला ‘इंग्रज’ म्हणून हाक मारतात. आणि घरात मात्र एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो : हे आले कोणाकडून? दोष कोणाचा? या प्रश्नाला निरनिराळ्या काळी जी उत्तरे मिळाली, त्यांचाच मागोवा आपल्याला घ्यावयाचा आहे.

प्रथम नावाविषयी. या अवस्थेला इंग्रजीत ‘अल्बिनिझम’ म्हणतात. तो शब्द आला पोर्तुगीजांकडून. लॅटिन भाषेत ‘आल्बुस’ म्हणजे पांढरा. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काळ्या लोकांमध्ये मधूनच गोरी माणसे दिसली, तेव्हा पोर्तुगीजांनी त्यांना ‘आल्बिनो’ म्हटले. ज्यांच्या भाषेतील कितीतरी शब्द आपण या किनाऱ्यावर रोज वापरतो, त्याच लोकांनी जगाला हाही शब्द दिला. मराठीत आपण ‘वर्णकहीनता’ म्हणू. म्हणजे अंगात रंगद्रव्य न बनणे, किंवा फार थोडे बनणे. परंतु लोकांच्या तोंडी असा स्वतंत्र शब्द रुळला नाही. पांढरे दिसले की ‘कोड’ म्हणावयाचे, अशीच आपली रीत पडली. पुढचा बराच घोटाळा या एका शब्दाने केला आहे.

आपल्या प्राचीन ग्रंथांत अंगावरच्या पांढऱ्या डागांचा उल्लेख फार जुना आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात किलास, म्हणजे पांढरे डाग, नाहीसे व्हावेत म्हणून काळ्या रंगाच्या वनस्पतीला केलेली प्रार्थना आहे. गेलेला रंग परत यावा, अशी ती साधी माणुसकीची इच्छा आहे. तीत कोणावर ठपका नाही. मनुस्मृतीच्या काळापर्यंत मात्र सूर बदललेला दिसतो. कोणत्या कुळातील मुलगी करू नये, याची जी यादी तेथे दिली आहे तीत श्वित्री आणि कुष्ठी यांची कुळे शेजारी शेजारी बसविली आहेत. आणि वस्त्र चोरणाऱ्यास श्वित्र होते, असेही पुढे सांगितले आहे. म्हणजे रोग्याच्या दुःखावर पापाचा शिक्का बसला, आणि तो त्याच्या सबंध कुळावरही बसला.

महाभारतातील पांडूची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. व्यासांचे उग्र रूप पाहून अंबालिका भयाने फिकी पडली, म्हणून तिचा पुत्र पांडुरवर्णी जन्मला, असे आदिपर्व सांगते. पांडू वर्णकहीन होता काय, असा तर्क काही आधुनिक लेखकांनी केला आहे. आमच्या मते कथेवरून रोगाचे निदान करणे हे इतिहासाचे काम नव्हे. परंतु त्या काळचे लोक मुलाच्या रंगाचे कारण कोठे शोधीत, हे मात्र या कथेवरून नक्की कळते. ते कारण आईच्या मनात शोधले जाई. गरोदरपणी ती कशाला घाबरली, तिने काय पाहिले, काय खाल्ले, ग्रहणात ती बाहेर पडली काय, अशा चौकशा आजही घरोघरी होतात. पापाचा शिक्का कुळावर आणि चुकीचा ठपका आईवर, ही दोन उत्तरे शतकानुशतके चालत आली.

एकोणिसाव्या शतकात त्यांत तिसऱ्या गोष्टीची भर पडली. ती म्हणजे संसर्गाची भीती. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सेनने कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. कुर्ल्यापासून फारशा दूर नसलेल्या माटुंग्यास १८९० साली बेवारशी कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. मुंबईचे त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांनी त्यासाठी खटपट केली, आणि वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय त्यांचेच नाव चालवीत आले. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने १८९१ साली मराठी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापणारे ॲकवर्थसाहेब ते हेच. पुढे १८९८ च्या कायद्याने भीक मागत फिरणाऱ्या, जखमा वाहणाऱ्या कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात ठेवण्याची तरतूद झाली. कायद्याचा रोख कुष्ठरोगावर होता. परंतु ज्या समाजाच्या भाषेत श्वित्रालाही ‘श्वेतकुष्ठ’ म्हणतात, तेथे अंगावरचा कोणताही पांढरेपणा भयाचा विषय व्हावा, यात नवल ते काय?

म्हणून तीन गोष्टी येथे स्पष्ट वेगळ्या केल्या पाहिजेत. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, त्यात फिकट चट्ट्यावरची संवेदना जाते, आणि आता तो औषधांनी पुरता बरा होतो. कोड जन्मानंतर केव्हातरी सुरू होते. चांगल्या रंगाच्या कातडीवर पांढरे डाग पडतात, आणि ते कोणाला लागत नाही. वर्णकहीनता या दोहोंहून निराळी. ती जन्मतःच असते, सर्वांगावर असते आणि तीही कोणाला लागत नाही. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने किंवा एकमेकांचे कपडे वापरल्याने ती होईल, ही भीती सर्वस्वी निराधार आहे.

‘आले कोणाकडून?’ या प्रश्नाचे खरे उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभी मिळू लागले. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले. तीनच वर्षांनी अमेरिकेत कॅसल आणि फॅरबी यांनी वर्णकहीनता त्याच नियमांनी चालते असे दाखविले. १९०८ साली लंडनमध्ये आर्चिबाल्ड गॅरॉड याने जन्मजात चयापचय-दोषांवर जी व्याख्याने दिली, त्यांत वर्णकहीनतेचा समावेश होता. शरीरातील एखादी रासायनिक पायरीच गळलेली असते, असा त्याचा विचार होता, आणि तो पुढे खरा ठरला. टायरोसीन नावाच्या द्रव्यापासून शरीर मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करते. या कामाचे सूत्र सांगणारे जनुक बिघडलेले असले, तर रंग तयार होत नाही.

प्रत्येकाला अशा जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. एक प्रत चांगली असली तर रंग येतो, आणि बिघडलेली दुसरी प्रत अंगी असल्याचा पत्ताही लागत नाही. आईबाप दोघांकडेही एकेक बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक या प्रमाणात वर्णकहीनतेचा संभव असतो. म्हणजे देणे दोघांचेही सारखेच. केवळ डोळ्यांपुरता मर्यादित राहणारा एक प्रकार आईकडून मुलग्याकडे येतो हे खरे. परंतु तेथेही आईने काही केलेले नसते, तिला जे मिळाले तेच तिने दिलेले असते.

जगाची सरासरी धरली तर सुमारे १७,००० ते २०,००० जन्मांमागे एक मूल वर्णकहीन असते. यावरून ढोबळ हिशेब केला, तर दर सत्तर माणसांत एखाद्याकडे अशी लपलेली प्रत असावी. या सभागृहात बसलेल्या श्रोत्यांतही ती कोणाकडे तरी असेलच! तेव्हा कुळाच्या शुद्धाशुद्धतेच्या गोष्टी आपण न बोललेल्याच बऱ्या.

नात्यातील लग्नांचा प्रश्न येथे टाळता येत नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक जातींत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात तिची चर्चा केली आहे. मुंबईतील बारा अंतर्विवाही गटांमध्ये रक्तसंबंधातील लग्ने किती होतात, याची मोजदाद डॉ. ल. दे. संघवी व त्यांचे सहकारी यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. आजी-आजोबा एकच असले म्हणजे तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. वरच्याच हिशेबाने तो परक्यांच्या लग्नापेक्षा सुमारे दसपट होतो. तथापि तो दसपट होऊनही दोन हजारांत एक एवढाच राहतो, हेही सांगितले पाहिजे. आणि वर्णकहीन मुले बहुधा नात्यात लग्न न केलेल्या आईबापांनाही होतात.

१९५२ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी ‘बॉम्बे’ नावाने जगप्रसिद्ध झालेला दुर्मिळ रक्तगट जाहीर केला. तोही असाच, दोन्हीकडून लपून आलेल्या प्रतींमुळे प्रकट होणारा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ट्रेव्हर-रोपर याने एका वर्णकहीन जोडप्याची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांची मुले मात्र नेहमीच्या रंगाची होती! याचा अर्थ असा, की वर्णकहीनता एका नव्हे, अनेक जनुकांच्या बिघाडाने होते, आणि पतीचा बिघाड एक व पत्नीचा दुसरा असला तर मुलांना रंग येतो. ‘अशांची मुले अशीच व्हायची’ हे ठाम वाक्यही म्हणून टिकत नाही.

दोषाचा प्रश्न असा निकालात निघाला, म्हणजे खऱ्या अडचणींकडे पाहावयास आपण मोकळे होतो. पहिली अडचण डोळ्यांची. रंगद्रव्याच्या अभावी डोळ्याच्या पडद्यावरील सर्वांत तीक्ष्ण दृष्टीची जागा नीट घडत नाही, आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची वाटही बदलते. म्हणून चष्मा लावूनही दृष्टी पुरती सुधारत नाही. बुद्धीत काडीचे उणे नसते. परंतु फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मूल मठ्ठ ठरते. मोठेपणी थांब्यावर उभे असता येणाऱ्या बसचा क्रमांक वाचता येईपर्यंत ती निघूनही जाते. दुसरी अडचण उन्हाची. मेलॅनिन ही कातडीची छत्री होय. ती नसली म्हणजे ऊन भाजते, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने कातडीचा कर्करोग होऊ शकतो. टोपी, लांब बाह्यांचे कपडे, गडद चष्मा आणि उन्हापासून रक्षण करणारे मलम, हे यांच्या बाबतीत चैनीचे पदार्थ नव्हेत.

अंधांसाठी मुंबईत फार पूर्वी काम सुरू झाले. मिस ॲना मिलार्ड यांनी १९०० साली काढलेली शाळा पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपास आली. १९५२ साली राष्ट्रीय अंध संघटना मुंबईतच स्थापन झाली. परंतु जे अंधही नाहीत आणि पुरते डोळसही नाहीत, त्यांचे काय? १९९५ च्या अपंगविषयक कायद्याने ‘अल्पदृष्टी’ हा वर्ग मान्य केला, आणि २०१६ च्या कायद्याने तो कायम ठेवला. चष्म्यासह चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ ते ३/६० या मर्यादेत असलेल्यांचा त्यात समावेश होतो. तेव्हा हक्क मिळतो तो कातडीच्या रंगावरून नव्हे, दृष्टीच्या मोजमापावरून. आणि त्यासाठी मुलाचे डोळे वेळीच तपासून दाखला घेणे अवश्य आहे.

टांझानियात सुमारे १,४०० माणसांमागे एक वर्णकहीन असतो, आणि त्यांच्या अवयवांत जादू असते या समजुतीने तेथे त्यांच्यावर प्राणघातक हल्ले झाले. असल्या प्रकारांचा निषेध म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये १३ जून हा वर्णकहीनताविषयक जागृतीचा दिवस ठरविला. आपल्याकडे तसे होत नाही म्हणून आपण समाधान मानावे काय? आपल्याकडे मुलगी दाखविताना तिच्या वर्णकहीन भावाला आतल्या खोलीत बसवितात. ही जिवंत माणसाला नाहीसे करण्याचीच सौम्य रीत आहे.

ही रीत मोडण्यास मोठी चळवळ नको. शिक्षकाने अशा मुलाला पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवावे, आणि जवळ जाऊन फळा पाहण्याची मुभा द्यावी. कवायत मैदानावर भर उन्हात असेल, तर त्याला टोपी घालू द्यावी. थांब्यावर कोणी बसचा क्रमांक विचारला, तर ‘दिसत नाही काय?’ असे न म्हणता तो सांगावा. आणि बारशाच्या दिवशी घरातील वडीलधाऱ्या माणसाने सर्वांदेखत एवढेच म्हणावे, की हे मूल दोन्ही घरांचे आहे आणि यात सूनबाईचा काही दोष नाही. ज्या दिवशी कुर्ल्यातील चाळीचाळींतून हे वाक्य सहज बोलले जाईल, त्या दिवशी मनुस्मृतीपासून चालत आलेला हा ठपका निदान आपल्या गावापुरता तरी पुसला जाईल.